अण्णांचा ‘ष’ सुधारायला खाडी ओलांडली

पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं की माणसाला एक खोड जडते. हॉटेलात मेन्यूकार्ड आलं की मला आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसतात, पदार्थ नंतर. लग्नपत्रिकेतल्या चुका मी पेन्सिलीने दुरुस्त करते आणि मग आहेर काय द्यायचा ते ठरवते. नवरा म्हणतो, तुला स्वर्गाच्या दारावर पाटी दिसली तर तू आत जायच्या आधी अनुस्वार तपासशील. तर सांगायचं म्हणजे, फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आणि माझे वडील नवीन पनवेलहून करंजा, तिथून लाँचने रेवस आणि पुढे सासवण्याच्या बाजूला एका वेदपाठशाळेत जाऊन आलो, तो प्रवास या खोडीपायीच झाला.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय एक्याऐंशी, मूळ गाव जळगाव जिल्ह्यात, वीज खात्यात मीटर वाचण्याची नोकरी करून निवृत्त. दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या वडिलांनी त्यांना समोर बसवून वेदातली काही सूक्तं तोंडी शिकवली होती. तेवढीच त्यांची विद्या. पुढे शाळा, नोकरी, बदल्या. पण आंघोळ झाली की देवासमोर बसून ती सूक्तं खणखणीत आवाजात म्हणायची, यात खंड नाही. माझं सगळं लहानपण त्या आवाजात गेलं. मुलींना हे शिकवायची पद्धत आमच्याकडे नव्हती, त्यामुळे मी पोळ्या लाटायला आईला मदत करता करता जे कानावर पडेल ते ऐकलं, इतकंच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत महिला मंडळाने सूक्तपठण ठेवलं. अण्णाही उत्साहाने मागे बसून म्हणू लागले. सगळ्या बायका ‘पुरुष’ म्हणत होत्या आणि मागून अण्णांचा आवाज, ‘पुरुख’. ‘यज्ञ’ आला की ‘जज्ञ’. पोरंटोरं हसायला लागली. मंडळाच्या काकूंनी अगदी गोड शब्दांत सांगितलं, “अण्णा, तो पुरुष आहे बरं का.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मराठीच्या बाईचे वडील, आणि ‘ष’ म्हणता येत नाही! दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘पोटफोड्या ष. जीभ वर वळवून टाळूला लावा.’ खाली सहा शब्द सरावाला दिले आणि तो पुठ्ठा देवघराशेजारी चिकटवला. अण्णांनी चष्मा लावून वाचला. “बरं,” म्हणाले.

त्यानंतर त्यांनी म्हणायचंच सोडलं. आंघोळ झाली की देवाला हात जोडायचे आणि पेपर घेऊन गॅलरीत बसायचे. पहिल्यांदा मला वाटलं, सराव झाला की करतील सुरू. मग वाटलं, वय झालं. खरं सांगायचं तर आमची सकाळ ओकीबोकी झाली होती आणि हे कुणामुळे झालं, ते मला कळत होतं. पण मला माझी दुरुस्ती चुकीची वाटत नव्हती, फक्त पद्धत चुकली असं वाटत होतं. एखाद्या तज्ज्ञाने समजावलं तर अण्णांचा उच्चारही सुधारेल आणि आवाजही परत येईल, असा माझा हिशेब. शाळेतल्या एका मैत्रिणीने या पाठशाळेचा पत्ता दिला. मी गुरुजींना फोन केला.

“माझ्या वडिलांचे उच्चार थोडे सुधारायचे आहेत.”

“वय काय त्यांचं?”

“एक्याऐंशी.”

गुरुजी म्हणाले, “या तर खरं. रविवारी नऊला पाठ असतो, तो ऐका. आणि जेवूनच जायचं.”

अण्णांना मी सांगितलं की लाँचमधून फिरून येऊ, नारळीच्या वाड्या बघू. पाठशाळा वाटेत आहे, असं हळूच जोडून दिलं.

आता रस्त्याचं. अलिबागकडे जायला बहुतेक लोक गोवा हायवेने पेण-वडखळवरून जातात. आम्ही उरणची बाजू धरली, कारण अण्णांना पाण्यातून जायचं होतं. सकाळी सहाला निघालो. पळस्पे सोडल्यावर बंदराकडे जाणारा रस्ता रुंद आणि चांगला आहे, फक्त कंटेनरवाले तुमच्याकडे बघत नाहीत, तुम्हीच त्यांच्याकडे बघायचं. रविवारी पहाटे गर्दी कमी असते. तासाभरात करंजाला पोहोचलो. गाडी धक्क्याच्या अलीकडेच लावावी लागते, लाँचमध्ये दुचाकी चढते पण चारचाकी नाही. तिकीट किरकोळ आहे, मात्र सुट्टे पैसे ठेवा. गाडी लावली त्याच्या समोरच्या फाटकावर पाटी होती, ‘येथे वाहाने लावू नयेत’. ‘वाहाने’ वाचून माझा हात शिवशिवला, पण अण्णा शेजारी होते.

करंजाचा धक्का म्हणजे सकाळी सकाळी जागं झालेलं गाव. बोटी लागलेल्या, टोपल्या उतरत होत्या, बोली लावणाऱ्यांचा गलका, आणि सगळ्यावर सुक्या मासळीचा वास. अण्णा जन्मात मासा न खाल्लेले. मला वाटलं नाकाला रुमाल लावतील, तर हे टोपल्यांपाशी वाकून नावं विचारत होते. लाँच मात्र हलेना. ओहोटी होती.

“पानी उतारलंय बाय, अजून तासभर तरी जायची नाय,” टोपलीवर बसलेली एक मावशी म्हणाली. “आमी पन थांबलोय. घाई करून काय व्हतंय?”

“आम्हाला नऊला पोहोचायचं होतं,” मी म्हटलं.

“मंग भरती-ओहोटी बगून निघायचं ना. पन्नास बायका रोज याच लाँचनी जातान, आमाला इचारायचं.” मग अण्णांकडे वळून, “आजोबा, तुमी या सावलीत बसा. तुमी कुटं निंगालाव?”

“मला शिकायला नेतेय ही,” अण्णा म्हणाले.

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. काही बोलावं लागू नये म्हणून मी दशमीचा डबा उघडायला घेतला. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी मावशीलाही दिली. तिने चटणीला तिखट कमी म्हणून नाव ठेवलं आणि दोन दशम्या खाल्ल्या. तुम्ही जाणार असाल तर तिचा सल्ला लिहून ठेवा: आदल्या दिवशी भरतीची वेळ बघा. लाँच चढताना त्याच मावशीने अण्णांचा दंड धरला आणि त्यांना अलगद आत घेतलं, मी मागे पर्स सांभाळत उभी.

खाडी ओलांडायला वीसेक मिनिटं लागतात. मध्येच अण्णांनी डोळे मिटून तोंडावर वारा घेतला, आणि मला फार बरं वाटलं. रेवसला उतरलो, तिथून सहा आसनी रिक्षा मिळाली. सासवण्याचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना नारळ-पोफळी, मध्येच वालाची शेतं. रिक्षावाल्याने वाडीच्या फाटकाशी सोडलं तेव्हा साडेनऊ झाले होते आणि पाठ सुरू होता.

पाठशाळा म्हणजे शेणाने सारवलेली लांबट पडवी, वर कौलं, मागे विहीर आणि सुपारीची बाग. बारा-तेरा विद्यार्थी दोन रांगांत समोरासमोर बसलेले. कुणासमोर पुस्तक नाही. गुरुजी पंचेचाळिशीचे असतील, अंगणात त्यांची मोटरसायकल उभी होती. त्यांनी हाताने बसा म्हणून खूण केली आणि पाठ चालू ठेवला.

हे कधी प्रत्यक्ष ऐकलं नसेल तर जरूर ऐका. एक रांग दोन शब्द म्हणते, एक-दोन. लगेच ते उलटे, दोन-एक. पुन्हा सरळ, एक-दोन. मग पुढची जोडी, दोन-तीन, तीन-दोन, दोन-तीन. अशी शब्दांची वीण पुढे सरकत राहते. याला जटा म्हणतात, असं गुरुजींनी नंतर सांगितलं. एखादा शब्द गळला किंवा मागेपुढे झाला, तर उलट म्हणताना लगेच अडखळायला होतं. कागद नसताना हजारो वर्षं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून कुणीतरी बसून ही युक्ती शोधली असेल. स्वर वर गेला की विद्यार्थ्यांची मान वर, खाली आला की खाली. तपासनीस म्हणून अर्धं आयुष्य काढलेल्या मला त्या अनोळखी पूर्वजांना दंडवत घालावासा वाटला. मी फक्त वह्या तपासल्या, त्यांनी ऐकणाऱ्याच्या कानालाच तपासायला शिकवलं.

मी ऐकण्यात गुंगले होते, त्यामुळे शेजारी काय चाललंय ते मला उशिरा दिसलं. अण्णांचा उजवा हात मांडीवर हलत होता. बोटं जुळवलेली, हात थोडा वर जायचा, खाली यायचा, मध्येच उजवीकडे वळायचा. घरी देवासमोर बसले की ते असंच करायचे, आम्ही त्याला अण्णांचं ताल धरणं म्हणायचो. गुरुजींचं लक्ष त्या हाताकडे होतं. पाठ संपला तसे ते उठून थेट अण्णांसमोर येऊन बसले.

“आजोबा, तुम्ही माध्यंदिन शाखेचे का?”

अण्णांनी मान हलवली. “वडील सांगायचे, आपण यजुर्वेदी, माध्यंदिन.”

“तरीच हात चालतोय. आम्ही ऋग्वेदी, आमची मान हलते. तुमच्याकडे स्वर हाताने दाखवतात. इकडे कोकणात हे बघायला मिळत नाही हो.”

हे सगळं छान होतं, पण आपण आलो कशाला ते सांगणं मला भाग होतं. मी म्हटलं, “गुरुजी, मी फोनवर म्हटलं ते... त्यांचा ‘ष’ नीट येत नाही. ‘पुरुष’ला ‘पुरुख’ म्हणतात.”

“मग काय म्हणतील?” गुरुजी म्हणाले.

मला वाटलं ते चेष्टा करतायत.

“त्यांच्या शाखेत वेद म्हणताना ‘ष’चा ‘ख’च म्हणायचा असतो. शब्दाच्या सुरुवातीला ‘य’ आला तर ‘ज’. हा त्यांच्याकडचा नियम आहे, शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र, त्यात दिलेला. आजोबा, ‘विष्णु’ म्हणा बघू.”

“विष्णु,” अण्णा म्हणाले. स्वच्छ, जीभ टाळूला लावून, माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा शुद्ध.

“‘श्रेष्ठ’?”

“श्रेष्ठ.”

“बघा. ट, ठ, ण यांना जोडून आला की तो ‘ष’च राहतो, एरवी ‘ख’ होतो. ज्याला ‘ष’ म्हणता येत नाही तो ‘विष्णु’ही ‘विख्णु’ म्हणेल. यांना सगळं येतं. यांना शिकवणाऱ्याने पक्कं शिकवलंय.”

मी जन्मभर अण्णांच्या तोंडून विष्णु, कृष्ण, अष्टमी ऐकत आले होते. एकदाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पुठ्ठ्यावर लिहिताना जीभ वर वळवायला शिकवत होते मी त्यांना! मला इतकी लाज वाटली की पडवी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गुरुजींनी अण्णांना विचारलं, “तुम्ही का नाही सांगितलंत मुलीला?”

अण्णा म्हणाले, “मला हा नियमबियम कुठे माहीत होता? वडिलांनी म्हटलं तसं मी म्हटलं. पोरगी मराठीची शिक्षिका. तिने लिहून दिलं म्हणजे ती बरोबरच असणार. पण मग माझे वडील चूक ठरतात. तिलाही चूक म्हणवेना, वडिलांनाही म्हणवेना. म्हटलं, म्हणायचंच बंद करू.”

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मीटरचा आकडा सांगावा तसं सांगितलं. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

गुरुजींनी विद्यार्थ्यांना अण्णांच्या समोर अर्धगोलात बसायला सांगितलं. “ही शाखा तुम्ही कधी ऐकलेली नाही. कान द्या. कुणी हसायचं नाही आणि कुणी मध्ये आपल्या शाखेचं बोलायचं नाही.” मग अण्णांना नमस्कार करून म्हणाले, “म्हणा.”

अण्णा घाबरलेले दिसत होते. दोन वर्षं बंद असलेला आवाज. पहिला शब्द बसका आला, दुसरा त्याहून बरा, आणि तिसऱ्या ऋचेपर्यंत ते आमच्या लहानपणीचे अण्णा झाले. हात वर, खाली, बाजूला. ‘पुरुख’ आला, ‘जज्ञ’ आला, एकही पोरगं हसलं नाही. मी मनात देवाला म्हणत होते, एवढं पूर्ण होऊ दे, मग काहीही मागणार नाही.

आणि मध्यावर ते थांबले.

सूक्तात ऋतूंची नावं येतात त्या जागी. वसंत म्हणून झाला आणि पुढचं काही येईना. हात तसाच हवेत. त्यांनी एकदा मागून घेतलं, पुन्हा वसंतापाशी येऊन थांबले. वसंतानंतर काय येतं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं होतं. मुलांच्या शाखेतला उच्चार वेगळा, तो कानावर पडला तर अण्णा आणखी गोंधळले असते. अण्णांच्या चेहऱ्यावर मला तोच भाव दिसला, पुठ्ठा वाचतानाचा. आता ते ‘बरं’ म्हणतील आणि उठतील, आणि मग कायमचंच संपेल.

“ग्रीख्म,” मी म्हटलं.

ठरवून नाही म्हटलं. स्वयंपाकघरातल्या पाटावर बसलेली एक मुलगी माझ्या तोंडून बोलली असावी. आई आणि मी त्या शब्दाला हसायचो, उन्हाळ्याला काय म्हणतात बघ म्हणून. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग ‘ग्रीख्म’ त्यांच्या स्वरात उचलला आणि शेवटापर्यंत न थांबता गेले.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी पद्धत नाही. मुलं एकेक करून पाया पडली. गुरुजींनी मला विचारलं, “तुम्हाला संथा कुणी दिली?” संथा म्हणजे गुरूने समोर बसवून एकेक ओळ म्हणून दाखवायची आणि शिष्याने ती दोनदा म्हणायची.

“कुणीच नाही. स्वयंपाकघर शेजारी होतं.”

“कान चांगला आहे,” ते म्हणाले. पंचवीस वर्षांत मला मिळालेली सगळ्यात चांगली शाबासकी हीच, आणि ती मला खरंतर मिळायला नको होती.

जेवण पंगतीला होतं: भात, वरण, वालाचं बिरडं, ताक. बिरडं असं की अण्णांनी दोनदा मागून घेतलं. पैसे विचारले तर घेतले नाहीत, कोपऱ्यातल्या पेटीत जे टाकायचं ते टाका म्हणाले. जाणार असाल तर आधी फोन करा आणि पाठाच्या वेळेत मोबाईल बंद ठेवा. निघताना गुरुजींनी अण्णांना महिन्यातून एकदा येऊन मुलांना ऐकवाल का विचारलं. अण्णा म्हणाले, “ओहोटी बघून येऊ.”

परतीच्या लाँचमध्ये ऊन कलतं होतं, गर्दी नव्हती. मी म्हटलं, “अण्णा, माझं चुकलं. फार चुकलं.”

“तू तुझ्या पुस्तकातलं सांगितलंस, शालू. मीही एकदा तोंड उघडून विचारायला हवं होतं, की बाई, माझा बाप चुकला असेल का?” मग म्हणाले, “आज कळलं, नव्हता चुकला. त्याला जाऊन साठ वर्षं झाली.” आणि ते खाडीकडे तोंड करून बसले. त्यांचे डोळे पुसायला मी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला.

घरी पोहोचल्यावर मी मंडळाच्या काकूंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं बाई! मग एक दिवस आम्हाला येऊन ऐकवायला सांग.” त्यांचे मी आभार मानले, गुरुजींचे मानले, मावशीचं तर नावही विचारलं नव्हतं. या प्रवासात प्रत्येकाने आम्हाला हात दिला, तोही काही न मागता. एका रविवारात इतकं मिळालं की दुसरं काही मागायला तोंड उरलेलं नाही.

सोमवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी टाकत होते आणि आतल्या खोलीतून आवाज आला. बसका, मग मोकळा. मी गॅस बारीक केला. ‘पुरुख’ आला, ‘जज्ञ’ आला, वसंत आला आणि आवाज थांबला. एक श्वास, दोन श्वास.

“ग्रीख्म!” मी स्वयंपाकघरातून ओरडले.

आतून हसू ऐकू आलं. “मला आठवत होतं गं. तुला आठवतंय का, ते बघत होतो. आता त्याच्यापुढचं म्हण.”

मी म्हटलं. स्वर चुकला. अण्णांनी तीच ओळ पुन्हा म्हणून दाखवली, आणि मी ती दोनदा म्हटली.